कपाचा कान

सभा सातला होती. साडेसातपर्यंत हीटरवरूनच भांडण.

या हॉलमधली निम्मी तोंडं मला आतून ठाऊक आहेत :
मिस्टर ब्लोर, खालची उजवी दाढ, तीनदा भरलेली;
बोझेना, जी सुई टोचेपर्यंत पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटते;
आणि माझ्या खुर्चीत अवाक्षर न काढणारे झहीरसाहेब,
आज माईक सोडायला तयार नाहीत.

प्रश्न जागेचा.
पिकर्ड स्ट्रीटवर, चौदा नंबर आणि बावीस नंबरच्या मधे
एकेकाळी भट्टी होती, बाटलीच्या आकाराची,
स्टोकमध्ये तेव्हा अशा शेकड्यांनी होत्या म्हणे.
नंतर कार्पेटचं गोदाम, नंतर आग,
नंतर एकवीस वर्षं पत्र्याचं कुंपण
आणि त्याच्या डोक्यावरून डोकावणारे जांभळे तुरे.

कंपनीचा पोरगा पडद्यावर चित्रं दाखवतो :
छत्तीस फ्लॅट, झाडं, झाडांखाली सडपातळ माणसं,
चक्क ऊन.
परवडणार कुणाला, मागून कुणीतरी.
बाजारभावाप्रमाणे, तो म्हणतो.
बाजार कुठला, ते सांगत नाही.

ब्लोर म्हणतात, बाग करा.
झहीरसाहेब म्हणतात, बागेत रात्री कोण बसतं
ते माझ्या खिडकीतून दिसतं, तुमच्या नाही.
बोझेना म्हणते, पोरांना चार भिंती, एक छप्पर, बस्स.
कौन्सिलची बाई म्हणते, जागा विकली ती आधीच्या लोकांनी.
आधीचे लोक शेवटच्या रांगेत, स्वतःचे बूट बघत.
एकमेकांच्या माथी खापर फोडणं चाललंय,
आणि जागा तर खापरांनीच भरलेली :
कुदळ मारा, माती कमी, फुटक्या बश्या जास्त.

मी दातांचा डॉक्टर. मला एवढंच कळतं :
दाढ काढून जागा तशीच ठेवली
की शेजारच्या हळूहळू तिच्यात कलतात,
वरची खाली उतरते,
आणि पेशंट म्हणतो, दुखत तर नाहीये.
चौदा नंबरच्या भिंतीला टेकू लावून तीन वर्षं झाली.
हे मी उठून सांगणार होतो.
पण माझ्या दवाखान्याला पार्किंग नाही
हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत,
काहीही बोललो असतो तरी त्यांना पार्किंगच ऐकू आलं असतं.
आणि खरं सांगायचं तर, मी तेच बोललो असतो.

शेवटी ग्लेनिस कोकली उठल्या. वय एक्क्याऐंशी.
वरची कवळी मीच केलेली;
'स' जरा निसटतो, तो दोष माझा.
माझी आई, त्या म्हणाल्या, तिथं कपांना कान लावायची,
दिवसाला साठ डझन, बोट ओलं करून, असं.
हवेत एक लावूनही दाखवला.
(त्या हँडल म्हणाल्या. कान मी ऐकलं.)
सगळे गप्प. आता म्हणणार, स्मारक करा.
त्या म्हणाल्या, फ्लॅट बांधा.
माझी नात दोन लेकरांना घेऊन माझ्या पुढच्या खोलीत झोपते.
मरायच्या आधी मला माझा सोफा परत हवाय.
हशा झाला.
मग कुणी हसेना.

बाग अकरा, फ्लॅट अकरा, पार्किंग एक.
तो हात माझा.
रखवालदारानं दिवे मालवायला घेतले. पुढची तारीख बावीस.

घरी जाताना, पत्रा वाकलाय तिथून आत शिरलो.
बुटाखाली करकर. मोबाईलच्या उजेडात
एक तुकडा उचलला, पांढरा, झिलई शाबूत :
कान. कप नाही.
चिमटीत धरून उभा राहिलो थोडा वेळ,
चहा नसलेला माणूस.

गुरुवारी ग्लेनिसबाई येतील, 'स' दुरुस्त करायला.
त्यांना दाखवावा की नाही, ठरत नाहीये.
सध्या तो ट्रेमध्ये आहे,
आरसा आणि चिमट्याच्या शेजारी.
नर्सनं दोनदा विचारलं, टाकू का.